केबल सगळ्यात शेवटी घ्या: कॉम्प्युटर टीव्हीला जोडण्याआधी काय काय बघायचं

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा एका रविवारी सकाळी फोन आला. "लॅपटॉप टीव्हीला जोडायचाय. केबल आणलीय, पण लागतच नाही. जरा येतोस का?" खाली गेलो तर टीपॉयवर एक नाही, तीन वायरी. पहिलीच्या दोन्ही टोकांना पेन ड्राइव्हला असते तशी चपटी पिन. दुसरीच्या दोन्ही टोकांना एचडीएमआय. तिसरी म्हणजे एक डबी, एका बाजूला एचडीएमआयची पिन आणि दुसऱ्या बाजूला निळा व्हीजीए. तिन्ही वस्तू कोऱ्या करकरीत, एकही खराब नव्हती. फक्त काकांच्या लॅपटॉपला एचडीएमआयचं भोकच नव्हतं.

"टीव्हीला लावायची केबल द्या" एवढंच दुकानात सांगितलं की असं होतं. दुकान मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरचं असो की पुण्याच्या तापकीर गल्लीतलं, दुकानदाराला तुमचा टीव्ही दिसत नसतो. जी वस्तू जास्त खपते ती तो काउंटरवर ठेवतो. त्यात त्याची चूक नाही. म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय: आधी टीव्हीची पाठ, मग कॉम्प्युटरची कड, मग चित्र किती मोठं आणि अंतर किती, आणि खरेदी सगळ्यात शेवटी.

त्याआधी एक विचार करून बघा. लग्नाचा व्हिडिओ किंवा फोटो एवढंच दाखवायचं असेल तर पेन ड्राइव्ह टीव्हीच्या यूएसबीत खुपसा, बहुतेक वेळा काम होतं. केबल लागते ती कॉम्प्युटरचा पडदाच मोठा हवा असेल तेव्हा: व्हिडिओ कॉल, ऑनलाइन वर्ग, एक्सेल, गेम. काकांना दुबईतल्या लेकीशी आणि नातवाशी मोठ्या पडद्यावर बोलायचं होतं, त्यामुळे पेन ड्राइव्हने भागणार नव्हतं. वायरलेसने पडदा पाठवता येतो, पण त्यात माउस हलवला की बाण थोड्या वेळाने हलतो. सिनेमाला चालेल, कामाला नाही.

पहिली पायरी: टीव्हीच्या मागे

मोबाइलचा टॉर्च लावा आणि टीव्हीच्या मागच्या व बाजूच्या सगळ्या भोकांचे फोटो काढा. भिंतीला टांगलेला टीव्ही असेल तर मान वाकडी करण्यापेक्षा फोनच मागे सरकवून व्हिडिओ काढा, मग आरामात बसून थांबवत थांबवत बघा. भोकाशेजारी छापलेली अक्षरंसुद्धा फोटोत यायला हवीत, कारण अर्धी माहिती त्यातच असते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या टीव्हीला एचडीएमआय असतंच. रुंद, चपटं, खालचे दोन कोपरे कापल्यासारखे. दोन-तीन असतात. एकाशेजारी 'एआरसी' लिहिलेलं असेल. ते टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवण्यासाठी आहे. कॉम्प्युटर तिथेही चालतो, पण साउंडबार असेल तर ते भोक त्याच्यासाठी राहू द्या. एखाद्याशेजारी '४के ६० हर्ट्झ' किंवा '१२० हर्ट्झ' छापलं असेल तर ते लिहून घ्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा). काही टीव्हींची सगळी भोकं सारख्या ताकदीची नसतात.

जुन्या एलसीडी टीव्हीला निळा व्हीजीएही मिळेल, शेजारी 'पीसी इन' लिहिलेला आणि जवळच 'पीसी ऑडिओ इन' नावाचं हेडफोनसारखं गोल भोक. ही जोडी एकत्रच वापरायची, कारण व्हीजीएतून आवाज जात नाही.

लाल, पांढरा, पिवळा अशी तीन गोल भोकं दिसली तर ती डीव्हीडी प्लेअरच्या जमान्यातली. पिवळ्यातून चित्र येतं, बाकी दोघांतून आवाज. तुमच्याकडे अजून पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल आणि त्याला एवढंच असेल, तर एचडीएमआयचं तीन वायरींत रूपांतर करणारी डबी मिळते. पण मी ती घ्यायला सांगणार नाही. आपल्याकडच्या टीव्ही प्रसारणाच्या जुन्या 'पाल' पद्धतीत पडद्यावर ५७६ ओळी दिसतात, आणि पिवळ्या वायरीतून त्याही पुसट होऊन येतात. गाणी बघता येतील, पण ईमेल वाचताना डोळे चोळत बसाल.

आणि टीव्हीचं यूएसबी? त्यात कॉम्प्युटर जोडता येत नाही. ते पेन ड्राइव्ह वाचण्यासाठी आहे. काकांची पहिली वायर, दोन्हीकडे चपटी पिन असलेली, याच गैरसमजातून आली होती. ती लावायचीसुद्धा नाही: टीव्ही आणि लॅपटॉप दोघेही आपापल्या यूएसबीतून ५ व्होल्ट बाहेर देतात, आणि दोन देणारे समोरासमोर जोडले की एखादं भोक जळू शकतं. मी ती आधी उचलून बाजूला ठेवली.

दुसरी पायरी: कॉम्प्युटरची कड

लॅपटॉपच्या दोन्ही कडा बघा. एचडीएमआय सापडलं तर निम्मं काम झालं, थेट "किती चित्र" या भागावर या. मायक्रो किंवा मिनी एचडीएमआय म्हणून त्याची लहान भावंडंही आहेत. रास्पबेरी पाय ४ ला मायक्रो आहे, काही टॅबलेटना मिनी. सिग्नल तोच, फक्त एका टोकाला लहान पिन असलेली केबल मागायची.

टेबलावरचा पीसी असेल तर एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. मागे दोन ठिकाणी भोकं दिसतात: वर यूएसबीच्या घोळक्यात एक उभी रांग, ती मदरबोर्डची, आणि खाली आडव्या पट्टीत तीन-चार, ती ग्राफिक्स कार्डची. कार्ड बसवलेलं असेल तर केबल खालच्या पट्टीतच लावायची. वर लावली तर पैसे मोजून घेतलेलं कार्ड गेम खेळताना नीट वापरलंच जात नाही. काही इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, त्यांच्यात ग्राफिक्सच नसतं, तिथे मदरबोर्डवरचं एचडीएमआय कायम मुकं. "केबल खराब निघाली" म्हणून परत केलेल्या कितीतरी केबल्स प्रत्यक्षात धडधाकट असणार.

डिस्प्लेपोर्ट हे एचडीएमआयसारखंच दिसतं, पण त्याचा एकच कोपरा कापलेला असतो. ऑफिसच्या पीसींना आणि ग्राफिक्स कार्डांना हेच जास्त. टीव्हीला हे जवळजवळ कधीच नसतं, म्हणजे एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्याला एचडीएमआय अशी केबल लागते. मिळते, चालते, फक्त तिला दिशा आहे, ते पुढे बघू.

डीव्हीआय म्हणजे पांढरट, रुंद, भोकाभोकांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू. १९९९ साली आलेलं. यातला डिजिटल सिग्नल आणि एचडीएमआयचा सिग्नल मुळात एकाच जातीचे, त्यामुळे साधी स्वस्त केबल पुरते, मध्ये कसली चिप लागत नाही. आवाजाची मात्र वेगळी वायर टाकायची तयारी ठेवा.

व्हीजीए त्याहून म्हातारं, १९८७ सालचं, पंधरा पिनांचं. लॅपटॉपला फक्त व्हीजीए आणि टीव्हीला फक्त एचडीएमआय अशी जोडी अजून पुष्कळ घरांत आहे. इथे साधी वायर चालणारच नाही, कारण एकीकडे अ‍ॅनालॉग आणि दुसरीकडे डिजिटल. मध्ये भाषांतर करणारी चिप लागते, चिपला वीज लागते. म्हणून चांगल्या कन्व्हर्टरला तीन शेपट्या असतात: व्हीजीएची पिन, विजेसाठी यूएसबी, आणि आवाजासाठी हेडफोनची पिन. शंभर-दीडशे रुपयांत मिळणारी, एका टोकाला व्हीजीए, दुसऱ्याला एचडीएमआय आणि मध्ये नुसती तार, अशी वायर दिसली तर ती घेऊ नका.

यूएसबी-सी: एकच भोक, तीन वेगळ्या गोष्टी

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण सध्या सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

पातळ लॅपटॉपला एचडीएमआय काढून टाकून फक्त लहान अंडाकृती यूएसबी-सी दिलेलं असतं. हा आकार २०१४ साली आला. आकार म्हणजे फक्त दार. दारामागे काय आहे ते प्रत्येक लॅपटॉपवर, कधीकधी एकाच लॅपटॉपच्या दोन भोकांतही, वेगळं असतं. एखाद्यातून फक्त चार्जिंग होतं आणि फाइली जातात. एखाद्यातून याशिवाय चित्रही बाहेर पडतं. आणि एखादं थंडरबोल्टचं असतं, त्यातून सगळंच.

ओळखायचं कसं? भोकाशेजारची खूण बघा. विजेसारखा बाण म्हणजे थंडरबोल्ट, चित्र नक्की मिळणार. इंग्रजी 'डी'च्या आकारात 'पी' बसवल्यासारखी खूण म्हणजे डिस्प्लेपोर्टचा सिग्नल यातून जातो, तेही चालेल. नुसता प्लग किंवा बॅटरीचं चित्र असेल तर ते चार्जिंगबद्दल सांगतंय, चित्राबद्दल काहीच नाही. खूणच नसेल तर मॉडेल नंबर लिहून कंपनीच्या वेबसाइटवर तपशील बघा. तिथे 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड', 'डिस्प्ले आउटपुट' किंवा 'थंडरबोल्ट' यांपैकी काही लिहिलेलं हवं. नसेल तर कितीही महाग केबल आणा, पडदा काळाच राहणार. मॅकबुकवाल्यांना ही काळजी सहसा नाही, २०१५ च्या १२ इंची मॅकबुकपासून त्यांच्या यूएसबी-सीतून चित्र बाहेर पडतं.

काकांच्या लॅपटॉपला डाव्या कडेला दोन यूएसबी-सी होती. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी लॅपटॉप नाकाजवळ धरला. मागच्या भोकाशेजारी ती 'डी'-'पी'ची बारीक खूण होती, पुढच्याशेजारी नव्हती. चार्जर नेमका मागच्यात लावलेला. "म्हणजे रोज चार्जर लावतो तिथेच लावायची होय?" होय, आणि चार्जर पुढच्यात चालतो का ते बघायचं. त्यांच्या नशिबाने चालला.

आता यूएसबी-सी ते एचडीएमआय सरळ केबल घ्यायची, की बरीच भोकं असलेला हब? फक्त टीव्हीच जोडायचा असेल तर सरळ केबल घ्या. हबमध्ये एक मेख असते. यूएसबी-सीत वेगवान माहितीच्या चार वाटा असतात. सरळ केबल चारही वाटा चित्राला देते. हब त्यातल्या दोन आपल्या यूएसबी भोकांसाठी राखून ठेवतो आणि दोनच चित्राला. जुन्या पिढीच्या, म्हणजे डिस्प्लेपोर्ट १.२ च्या सिग्नलवर दोन वाटांतून सेकंदाला ८.६४ गिगाबिट माहितीच जाते, आणि ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला साधारण १२ हून जास्त लागतात. म्हणून स्वस्त हबच्या खोक्यावर बारीक अक्षरात '४के ३० हर्ट्झ' असतं. हब घ्यायचाच असेल तर '४के ६० हर्ट्झ' स्पष्ट लिहिलेला घ्या, आणि तुमचा लॅपटॉप डिस्प्लेपोर्ट १.४ देतो का ते तपासा.

साध्या चपट्या यूएसबीतून एचडीएमआय काढणारी डबी मिळते. ती म्हणजे आत वेगळी चित्र बनवणारी चिप असलेलं यंत्रच, ते चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, कॉम्प्युटरवर टाकावं लागतं. ऑफिसचा तक्ता दाखवायला ठीक, गेमसाठी विसरा.

दिशा

"एचडीएमआय टू व्हीजीए" आणि "व्हीजीए टू एचडीएमआय" या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डबी सारखी दिसते, पिना सारख्या, पण आतली चिप एकाच दिशेने बोलते. दुकानात मागताना पहिलं नाव कॉम्प्युटरचं, दुसरं टीव्हीचं, असा नियम करा. "कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट, टीव्हीला एचडीएमआय" असं पूर्ण वाक्य बोललेलं अजून चांगलं. काकांची तिसरी डबी एचडीएमआय ते व्हीजीए होती, म्हणजे नव्या लॅपटॉपला जुना मॉनिटर जोडणारी. त्यांच्या दोन्ही टोकांपैकी एकालाही तिचा उपयोग नव्हता.

दोन्हीकडे एचडीएमआय असलेल्या साध्या तांब्याच्या केबलला मात्र दिशा नसते, कोणतंही टोक कुठेही.

किती चित्र, किती गिगाबिट

आता दोन्ही बाजूंना काय आहे ते कळलं. पुढचा प्रश्न: या वाटेने किती माल जाणार?

टीव्हीचं रिझोल्यूशन खोक्यावर किंवा बिलावर असतं. आपल्याकडे ३२ इंची बरेच टीव्ही 'एचडी रेडी' असतात, त्यांचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा. 'फुल एचडी' म्हणजे १९२० बाय १०८०. '४के' म्हणजे ३८४० बाय २१६०, फुल एचडीच्या बरोबर चौपट.

एचडीएमआयच्या तारेवरून फुल एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला सुमारे ४.४६ गिगाबिट लागतात. ४के सेकंदाला ३० वेळा, ८.९१. ४के ६० वेळा, १७.८२. हे तीन आकडे लक्षात राहिले की खोक्यावरची अर्धी जाहिरात आपोआप गळून पडते, कारण केबलचे वर्ग याच आकड्यांभोवती बांधलेत. 'हाय स्पीड' केबल १०.२ गिगाबिटची. 'प्रीमियम हाय स्पीड' १८ची. 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८ची, ही ४के १२० वेळा आणि ८के साठी.

म्हणजे एचडी रेडी किंवा फुल एचडी टीव्ही असेल तर कपाटात पडलेली जुनी सेट टॉप बॉक्सची हाय स्पीड केबलसुद्धा पुरते, नवी घेऊच नका. ४के टीव्हीवर काम करायचं असेल तर प्रीमियम हाय स्पीड. गेमिंगचा पीसी आणि १२० हर्ट्झचा टीव्ही, दोन्ही असतील तरच अल्ट्रा. पुढे कधीतरी घेऊ अशा टीव्हीसाठी आज केबल घेऊन ठेवणं मला पटत नाही. अपवाद एकच, भिंतीत गाडायची असेल तर. ते खाली येतंय.

३० आणि ६० मधला फरक माउस हलवताच कळतो. ३० वर बाण पडद्यावरून सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो, आणि खिडकी ओढली की ती हाताच्या मागे लंगडत येते. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण बहुतेक सिनेमे मुळातच सेकंदाला २४ चित्रांचे. म्हणून लोक महिनोन्महिने ३० वर चालवतात आणि "टीव्हीवर कॉम्प्युटर स्लो होतो" म्हणतात.

आणखी एक, केबल चांगली असली तरी साखळीतली सगळ्यात अरुंद कडी वेग ठरवते. एचडीएमआय १.४ (२००९) ४के फक्त ३० वर देतं, २.० (२०१३) ६० वर, २.१ (२०१७) १२० वर. हे आकडे भोकांचे आहेत, केबलचे नाहीत. बऱ्याच जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ चंच असतं, तिथे अल्ट्रा केबल लावूनही बाण लंगडतच राहणार. अशा लॅपटॉपला चित्र देणारं यूएसबी-सी असेल तर त्या वाटेने ६० मिळण्याची शक्यता असते, ती आधी तपासा.

खोक्यावर काय वाचायचं

'एचडीएमआय २.१ केबल' असं ठळक अक्षरात लिहिलेलं खोकं दिसेल. एचडीएमआयच्या परवाना संस्थेने केबलवर आवृत्तीचे आकडे छापायला मनाई केलेली आहे, वर्गाचं नाव छापायचं असतं. म्हणजे फक्त '२.१' आणि '८के रेडी' लिहिलंय पण 'अल्ट्रा हाय स्पीड' कुठेच नाही, असं असेल तर सावध. प्रीमियम आणि अल्ट्रा या दोन्ही वर्गांच्या प्रमाणित खोक्यांवर स्कॅन करता येणारं लेबल असतं, दुकानातच फोनने तपासता येतं.

सोन्याचा मुलामा, नायलॉनची वेणी, 'ऑक्सिजन फ्री कॉपर' यांनी रंग उजळत नाहीत. सिग्नल डिजिटल आहे: बिट पोहोचले तर चित्र तेच, महाग केबलने काकणभरही चांगलं होत नाही. आणि नाही पोहोचले तर तेही लगेच दिसतं, पडद्यावर पांढरे ठिपके चमचमतात किंवा चित्र क्षणभर गायब होऊन परत येतं. नायलॉनची वेणी टिकायला बरी असते, एवढंच तिचं कौतुक.

लांबी सुतळीने मोजा

हवेतलं सरळ अंतर मोजू नका. टीव्हीच्या भोकापासून, स्टँडच्या मागून, भिंतीच्या कडेने, जिथून केबल खरंच जाणार तिथून सुतळी फिरवा. मग सुतळी मोजा आणि अर्धा मीटर वाढवा. तीन मीटरच्या जागी दहा मीटरचं वेटोळं टीव्हीमागे कोंबू नका, लांबी वाढते तसा सिग्नल क्षीण होतो.

साध्या तांब्याच्या केबलने फुल एचडी दहा मीटरपर्यंत सहसा जातं. ४के ६० साठी मी पाच मीटरच्या पुढे तांब्यावर विसंबत नाही, आणि अल्ट्रासाठी तीन मीटर बरे. त्यापुढे फायबरची एचडीएमआय घ्या. तिच्यात काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, ती पातळ आणि हलकी असते. पण तिला दिशा असते: एका टोकावर 'सोर्स', म्हणजे कॉम्प्युटर, दुसऱ्यावर 'डिस्प्ले', म्हणजे टीव्ही. उलटी लावली तर काहीच दिसत नाही. तिला कोपऱ्यात घट्ट मुडपूही नका.

घराचं काम चालू असेल आणि केबल भिंतीतून न्यायची असेल, तर इलेक्ट्रिशियनला दिव्यांच्या वायरीसाठी असते ती बारीक पाइप टाकू देऊ नका. एचडीएमआयची पिन अंगठ्याएवढी रुंद, ती एल्बोत अडकते आणि मग प्लॅस्टर फोडावं लागतं. दीड इंची पाइप, काटकोनी एल्बोऐवजी गोल वळण, आणि आत एक नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवा, म्हणजे उद्या दुसरी केबल ओढता येईल. विजेच्या वायरी त्याच पाइपमधून नकोत. आणि इथे मात्र केबल आजच्या गरजेपेक्षा एक वर्ग वरची घ्या.

टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर मागे दोन-तीन सेंटिमीटरच जागा असते. जाड केबलची सरळ पिन तिथे मावत नाही, जोर केला तर भोकच सैल होतं. काटकोनात वळलेली पिन घ्या, पण ती वरच्या बाजूला वळलेली आणि खालच्या बाजूला वळलेली अशी दोन प्रकारची मिळते. टीव्हीचा फोटो दुकानात दाखवून बरोबर ती मागा.

जोडताना

एचडीएमआय चालू यंत्रांत लावता येतं, तरी मी दोन्ही बंद करून लावतो. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की कधीकधी मुंग्या येतात, तीच गळती चालू यंत्रं जोडताना भोकातल्या नाजूक चिपवर जाऊ शकते. पावसाळ्यात विजा कडाडत असतील तर छतावरच्या डिशची वायर, सेट टॉप बॉक्स, टीव्ही आणि तुमचा लॅपटॉप ही एकच साखळी झालेली असते हे विसरू नका. केबल काढून ठेवा.

मग टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून ज्या भोकात केबल लावली तेच निवडा. विंडोजवर विंडोजची कळ आणि 'पी' एकत्र दाबा: 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे तेच, 'एक्स्टेंड' म्हणजे टीव्ही हा दुसरा पडदा, 'सेकंड स्क्रीन ओन्ली' म्हणजे फक्त टीव्ही. ४के टीव्हीवर 'डुप्लिकेट' ठेवलं तर दोघांना जमेल अशा लहान आकारावर तडजोड होते, म्हणून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' बरं.

चित्र आलं पण काहीतरी खटकतंय, तर नवी केबल आणण्याआधी ही ठिकाणं बघा.

सेटिंग्जमधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये किती हर्ट्झ निवडलंय ते बघा. ३० असेल आणि यादीत ६० नसेल, तर टीव्हीच्या मेनूत प्रत्येक एचडीएमआयची पूर्ण ताकद उघडणारं बटण शोधा. सॅमसंगमध्ये ते 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट' अशा नावांनी असतं. बरेच टीव्ही ते बंद करूनच येतात.

पडद्याच्या कडा कापल्या जातायत, खालची पट्टी अर्धीच दिसतेय? तो ओव्हरस्कॅन, जुन्या प्रसारणाच्या काळातली सवय. टीव्हीच्या चित्राच्या आकाराच्या मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' निवडा.

अक्षरांच्या कडेला रंग फुटलेला दिसतो, विशेषतः काळ्यावर लाल लिहिलं की? टीव्ही रंगाची माहिती अर्धीमुर्धी घेतोय. सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींत त्या इनपुटचं नाव किंवा चिन्ह बदलून 'पीसी' केलं की बहुतेक वेळा अक्षरं टोकदार होतात. एचडी रेडी टीव्हीवर अक्षरं पुसट असतील तर कॉम्प्युटरचं रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ किंवा जवळचं १३६०, नाहीतर १२८० बाय ७२० करून बघा.

आवाज लॅपटॉपमधूनच येतोय? उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरवर टिचकी मारून आउटपुट टीव्हीच्या नावाचं निवडा. आणि ओटीटीवर आवाज येतो पण चित्र काळं, तर मध्ये कुठेतरी व्हीजीएचा कन्व्हर्टर किंवा स्वस्त स्प्लिटर, म्हणजे एकाच सिग्नलच्या दोन वाटा करणारी डबी, आहे. कॉपी रोखणारी एचडीसीपी ही कुलूप-किल्लीची पद्धत त्याला कळत नाही. स्प्लिटर काढून सरळ केबल लावा.

काकांसाठी दुपारी यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल आणली. त्यांना पाच मीटरची हवी होती, सोफ्यावर बसून लॅपटॉप मांडीवर घ्यायचा होता. पण कॅमेरा लॅपटॉपलाच असतो. मांडीवर ठेवून टीव्हीकडे बघितलं तर लेकीला पलीकडून काकांची हनुवटी आणि छतावरचा पंखा दिसणार. म्हणून दोन मीटरची घेतली, लॅपटॉप टीव्हीखालच्या स्टुलावर दोन जाड पुस्तकांवर ठेवला, आवाज टीव्हीतून आणि माइक लॅपटॉपचा. संध्याकाळी फोन लागला. नातू तिकडून ओरडला, "आजोबा, तुम्ही आज सरळ दिसताय!"